मुंबईबाहेरच्या पटकथालेखकाने खऱ्या ओळखी कुठे शोधाव्यात?

कोरा_कागद (धागाकर्ता), ११ जून

नमस्कार. मी सांगलीत एका पतसंस्थेत नोकरी करतो. महाविद्यालयात असताना लिहिलेल्या माझ्या दोन एकांकिका स्पर्धांत झाल्या आणि तेवढ्या जोरावर गेल्या चार वर्षांत मी दोन पूर्ण लांबीच्या पटकथा लिहून ठेवल्या आहेत. पहिली हळदीच्या व्यवहारात बुडालेल्या एका अडत्याची आहे. दुसरीत प्रसंग भरपूर आहेत, मात्र गोष्ट अजून सापडायची आहे, हे प्रामाणिकपणे सांगितलेले बरे.

गेल्या चौदा महिन्यांत मी पटकथालेखकांच्या अकरा व्हॉट्सॲप गटांत आणि दोन टेलिग्राम गटांत सामील झालो. लिंक्डइनवर माझ्या जोडणीत आता सहाशेच्या वर माणसे आहेत आणि त्यांतल्या एकालाही मी रात्री दहानंतर फोन करू शकत नाही. गटांतला दिनक्रम ठरलेला असतो. सकाळी सुविचार येतो, दुपारी ‘वेब सिरीजसाठी थरारक विषय हवा, वनलाइन पाठवा’ अशी नाव-गाव नसलेली मागणी येते, तिच्याखाली चाळीस जण ‘इंटरेस्टेड’ असे लिहितात, आणि रात्री कोणाच्या तरी लघुपटाची लिंक येते, जी बहुधा कोणी उघडत नाही. एका गृहस्थांनी निर्मात्याशी गाठ घालून देण्यासाठी पंधरा हजार रुपये मागितले. दुसऱ्या एकाने माझी आठ पानांची कथा मागवून घेतली, ‘छान आहे’ असे कळवले आणि तो गटातूनच निघून गेला. ती आठ पाने आता कोणाकडे असतील, या विचाराने मी दोन आठवडे नीट झोपलो नाही.

चांगला अनुभव एकच आला. मी एका गटात सौद्याचा एक प्रसंग टाकला होता. त्यावर मूळच्या मिरजेच्या आणि आता मुंबईत काम करणाऱ्या एका साउंड रेकॉर्डिस्टने विचारले, “सौद्याच्या एवढ्या गलक्यात बाप-लेकाचे हे कुजबुजणे ऐकू कसे येणार?” आम्ही तासभर बोललो. मी तो प्रसंग सौदा संपल्यानंतरच्या रिकाम्या दुकानात नेला आणि तो आता संहितेतला सर्वांत बरा प्रसंग झाला आहे.

नोकरी सोडून अंधेरीत खोली घेणे मला शक्य नाही. घरी आई आहे आणि कर्जाचे हप्ते आहेत. तेव्हा मुंबईबाहेर राहून, मुख्यतः ऑनलाइन, या व्यवसायातल्या माणसांशी कामाची आणि टिकाऊ ओळख कशी होते, हे ज्यांनी स्वतः केले आहे त्यांनी कृपया लिहावे.

दुसरा_मसुदा, ११ जून

कोरा कागद, मी बारा वर्षे मराठी मालिका लिहितो आहे, त्यामुळे चित्रपटाविषयी अधिकाराने बोलणार नाही. पण काम कोणाला आणि कसे मिळते हे मालिकेत फार लख्ख दिसते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

मालिकेत कथा, पटकथा आणि संवाद ही कामे पुष्कळदा वेगवेगळ्या माणसांकडे असतात. रोज साधारण बावीस मिनिटांचा मजकूर लागतो. भागांची बँक, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेल्या भागांचा साठा, संपत आलेली असताना संवादलेखकाला ताप आला, किंवा वाहिनीने रात्री नऊ वाजता कथानक फिरवले, की उद्या सकाळी सेटवर सीन कोण पाठवणार असा प्रश्न उभा राहतो. त्या वेळी निर्मितीसंस्थेतला क्रिएटिव्ह, म्हणजे कथानकावर देखरेख करणारा माणूस, गटांमध्ये जाहिरात टाकत बसत नाही. तो ओळखीच्या लेखकाला फोन करतो आणि विचारतो, “तुझ्या पाहण्यात कोणी आहे का, जो रात्रीत चार सीन देईल आणि सकाळी फोन उचलेल?” त्या लेखकाच्या तोंडी त्या क्षणी ज्याचे नाव येते, त्याला काम मिळते. तुमच्या सहाशे जोडण्यांपैकी कितीजणांच्या तोंडी तुमचे नाव येईल, हे मोजून पाहा.

नाव तोंडी येण्यासाठी त्या माणसाने तुमचे लिखाण वाचलेले असावे लागते आणि तुम्ही सांगितलेल्या वेळी पाने देता, हे त्याने एकदा तरी पाहिलेले असावे लागते. आम्ही सात जण होतो. त्यांतले दोघे पुण्याचे, एक अकोल्याची, एक बेळगावचा आणि बाकीचे मुंबईत विखुरलेले. दर रविवारी एकाने दहा पाने ईमेलने पाठवायची आणि बुधवारपर्यंत उरलेल्या सहांनी त्यावर लेखी टिपणे द्यायची, असा नियम होता, आणि जो सलग दोनदा टिपण देणार नाही त्याला वगळायचे ठरले होते. त्याप्रमाणे तिघांना वगळावेही लागले. हा उद्योग दोन वर्षे चालला. आमच्यातल्या एकाला मालिका मिळाली आणि आठ महिन्यांनी त्याला डेंग्यू झाला, तेव्हा त्याने माझे नाव सांगितले. त्याच्या त्या डेंग्यूचे उपकार मी आजही मानतो आणि हे त्यालाही ठाऊक आहे.

तुम्हाला भेटलेला तो साउंड रेकॉर्डिस्ट हाच तुमच्या चौदा महिन्यांतला खरा लाभ आहे. त्याला सोडू नका. बदललेला प्रसंग त्याला परत पाठवला का?

कोरा_कागद, ११ जून

नाही पाठवला. त्याला उगीच त्रास कशाला, असे वाटले. आता लाज वाटते आहे. आजच पाठवतो.

पानवाचक, १२ जून

मी अंधेरीतल्या एका निर्मितीसंस्थेत संहिता वाचण्याचे काम करते, म्हणून टेबलाच्या या बाजूने काय दिसते ते लिहिते.

अनोळखी माणसाने न विचारता जोडून पाठवलेली संहिता मी उघडत नाही, आणि यात उद्धटपणा नाही. आमच्याकडे त्याच विषयावरचे काम आधीपासून चालू असेल आणि मी तुमची फाइल उघडली असेल, तर उद्या ‘माझी कथा चोरली’ असा आरोप झाल्यावर संस्थेला उत्तर देता येत नाही. म्हणून आधी परवानगी, मग रिलीज फॉर्मवर, म्हणजे विषय सारखा निघाला तरी संस्थेवर दावा करणार नाही अशा संमतिपत्रावर, सही, आणि त्यानंतर संहिता असा क्रम असतो. गटांतून थेट माझ्या नंबरवर नव्वद पानांची पीडीएफ पाठवणारे लेखक स्वतःच आपला रस्ता बंद करतात.

मी ज्यांना उत्तर देते ते संदेश कसे असतात, याचा एक नमुना सांगते. नांदेड जिल्ह्यातल्या एका गृहस्थांनी मला लिहिले होते, “तुमच्या संस्थेच्या मालिकेतला पोलीस ठाण्यातला प्रसंग मी तीनदा पाहिला, कारण त्यात हवालदार एक शब्दही बोलत नाही आणि तरी सगळे त्यालाच घाबरतात. मी तालुका न्यायालयात कारकून आहे. न्यायालयाच्या कारकुनी जगावर माझी एक संहिता तयार आहे. आपण बाहेरच्या संहिता घेत नसाल तर तसे कळवावे, म्हणजे मी वाट पाहणार नाही.” एवढेच. त्यात ‘सर/मॅडम, एक संधी द्या’ नव्हते, ‘शंभर कोटींची कथा’ नव्हती, आणि मला नकार देणेही त्यांनी सोपे करून ठेवले होते. आम्ही त्या वेळी बाहेरच्या संहिता घेत नव्हतो, म्हणून मी त्याच दिवशी नकार कळवला. सहा महिन्यांनी आमच्याकडे न्यायालयाशी संबंधित एक काम आले, तेव्हा मला त्यांचीच आठवण झाली. तारीख पडल्यावर पुकारा कसा होतो, फायली कोणत्या कपड्यात बांधतात, आरोपी कुठे बसतो, हे सगळे त्यांनी आम्हाला सांगितले, त्याचे मानधन घेतले आणि श्रेयनामावलीत संशोधन साहाय्य म्हणून त्यांचे नावही आले. त्यांची संहिता आता आमच्या लेखकप्रमुखाने मागून घेतली आहे. ती बनेल की नाही हे मी सांगू शकत नाही.

कोरा कागद, तुम्ही पतसंस्थेत काम करता आणि हळदीचा बाजार जवळून पाहता. तुमच्या लिंक्डइनच्या ओळखपत्रात ‘स्वप्नाळू कथाकार’ किंवा तत्सम काही लिहिले असेल, तर ते काढून त्या जागी हे लिहा.

कोरा_कागद, १२ जून

‘शब्दांचा प्रवासी’ असे लिहिले होते. काढले.

कलम_चौदा, १२ जून

आठ पानांच्या चिंतेविषयी थोडे लिहितो. मी वकील आहे आणि लेखकांचे काही तंटे हाताळले आहेत. पुढील मजकूर सर्वसाधारण माहिती म्हणून वाचावा.

निव्वळ कल्पनेवर स्वामित्वहक्क नसतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात हे तत्त्व स्पष्ट केले. त्यांच्या नाटकावरून चित्रपट बेतला, अशी त्यांची तक्रार होती, आणि कल्पना, विषय किंवा कथाबीज यांवर मालकी सांगता येत नाही, ती मांडणी आणि अभिव्यक्ती यांवरच सांगता येते, असे न्यायालयाने म्हटले. व्यवहारात याचा अर्थ असा, की गटात दोन ओळींची वनलाइन टाकली तर तिला जवळजवळ काहीच संरक्षण नाही, पण प्रसंग, पात्रे आणि संवाद यांसह लिहिलेली साठ पाने असतील तर तुमची बाजू भक्कम होते. म्हणूनच ‘फक्त वनलाइन पाठवा’ ही मागणी लेखकासाठी सर्वांत वाईट आहे.

याला एक महत्त्वाची पुरवणी आहे. विशिष्ट आणि तपशीलवार संकल्पना विश्वासाने, गोपनीय म्हणून सांगितली गेली असेल, तर तिचा गैरवापर रोखता येतो, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २००३ साली एका मालिकेच्या संकल्पनेसंदर्भात दिला होता. मात्र कोणाला, कधी आणि काय सांगितले हे तुम्हाला दाखवता आले पाहिजे. म्हणून तोंडी नॅरेशन झाल्यावर त्याच दिवशी साधा ईमेल पाठवावा, “आज आपल्याला अमुक संहितेची कथा सांगितली, वेळ दिल्याबद्दल आभारी आहे.” त्यात संशय व्यक्त होत नाही आणि नोंद राहते.

संहिता दाखवण्यापूर्वी तिची नोंदणी करावी. पूर्वीची फिल्म रायटर्स असोसिएशन, म्हणजे आताची स्क्रीनरायटर्स असोसिएशन, सभासदांची संहिता ऑनलाइन नोंदवून घेते, त्यासाठी अंधेरीला जावे लागत नाही. केंद्र सरकारच्या स्वामित्वहक्क कार्यालयातही साहित्यकृती म्हणून नोंदणी करता येते. हक्क लिहिताक्षणीच निर्माण होतो, नोंदणी हा तारखेचा पुरावा असतो, एवढे ध्यानात ठेवावे. याउलट, समवयस्क लेखकाकडे पाने वाचायला देताना गोपनीयतेचा करार पुढे करणारे लोकही मी पाहिले आहेत. त्यांची पाने कोणी वाचत नाही.

अर्धविराम, १३ जून

सगळे वाचले. मला हे सर्व बोलायला गोड वाटते. मी अठरा वर्षे सोलापुरात बसून लिहितो आहे. ज्याचे आडनाव मोठे किंवा ज्याचे घर वर्सोव्यात, त्यालाच काम मिळते आणि बाकीच्यांनी एकमेकांची दहा दहा पाने वाचत म्हातारे व्हावे, अशी ही व्यवस्था आहे. स्पर्धा, लॅब (निवडक संहितांवर मार्गदर्शकांबरोबर काम करण्याची शिबिरे), पिच (निर्मात्यांसमोर थोडक्यात गोष्ट मांडणे) या सगळ्या मन रमवण्याच्या गोष्टी आहेत.

पानवाचक, १३ जून

अर्धविराम, तुमच्या म्हणण्यातला पहिला भाग मी नाकारणार नाही. आडनावाचा फायदा मी रोज पाहते. पण स्पर्धेविषयी एक ठळक उदाहरण सर्वांसमोर आहे. बिप्लब गोस्वामी यांची ‘टू ब्राइड्स’ ही संहिता २०१८च्या एका अखिल भारतीय पटकथा स्पर्धेत उपविजेती ठरली. परीक्षकांत आमिर खान होते, तिथे ती त्यांनी वाचली आणि पुढे किरण राव यांनी तिच्यावरून ‘लापता लेडीज’ केला. तो १ मार्च २०२४ रोजी प्रदर्शित झाला. मध्ये किती वर्षे गेली ते पाहा, आणि हेही पाहा की अंतिम पटकथा आणि संवाद स्नेहा देसाई यांनी लिहिले, गोस्वामी यांच्याकडे कथेचे श्रेय आहे. स्पर्धा जिंकल्यावर आपली संहिता अक्षरशः जशीच्या तशी पडद्यावर जाईल, अशी अपेक्षा धरणाऱ्या लेखकाबरोबर काम करणे फार कठीण जाते, असे माझे मत आहे. त्यामुळे पानांवरची टिपणे शांतपणे ऐकण्याची सवय आधी आपल्यासारख्यांच्या गटातच लागलेली बरी.

तिसरी_घंटा, १४ जून

पुण्यातल्या नाटकवाल्यांना हा प्रश्न थोडा गमतीचा वाटेल, कारण आमच्याकडे ओळखी करून देणारी यंत्रणा फार जुनी आहे. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३पासून पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयांची एकांकिका स्पर्धा भरवते. ऑगस्टमध्ये भरत नाट्य मंदिरात ज्याने आपल्या एकांकिकेची प्रकाशयोजना केली, तो दहा वर्षांनी छायालेखक होतो, जिने नेपथ्याचे खोके उचलले ती कलादिग्दर्शक होते, आणि ते एकमेकांना काम देतात, कारण तालमीत रात्री दोन वाजता कोण चिडले आणि कोणी सगळ्यांसाठी वडापाव आणले हे त्यांना आठवत असते. कोरा कागद, तुम्हीही एकांकिका केल्या आहेत. त्या वेळच्या पंधरा-वीस जणांपैकी आज कोण कुठे आहे, याची यादी तुम्ही केली आहे का? सहाशे अनोळखी माणसे जोडण्याआधी हे वीस जुने लोक शोधणे फार सोपे होते.

मी स्वतः हे लॉकडाउनमध्ये केले. महाविद्यालयाच्या चमूतले नऊ जण सापडले. दोघांनी हे क्षेत्र सोडले होते, एक बंगळूरूला सॉफ्टवेअरमध्ये होता, एक जाहिरातींच्या संकलनात होता आणि एक चक्क एका ओटीटी कंपनीत उपशीर्षकांचे काम पाहत होती. उपशीर्षकवालीने मला मराठी-हिंदी भाषांतराचे काम दिले. त्यातून एका दिग्दर्शकाशी बोलणे सुरू झाले, कारण त्याच्या संवादांतली एक म्हण हिंदीत कशी आणावी यावर आमचा चार दिवस वाद चालला होता. आज मी त्याच्यासाठी संवाद लिहिते.

ऑनलाइन गटांचे दुखणे हे की तिथे एकत्र मिळून करायचे काही नसते. त्यामुळे ज्या गटात काही तरी केले जाते, म्हणजे पाने वाचली जातात, महिन्याला एखादा चित्रपट पाहून त्याचे प्रसंग कागदावर मांडले जातात किंवा लघुपटासाठी खरोखर वर्गणी काढली जाते, तेवढेच गट ठेवावेत आणि बाकीचे सोडावेत.

साडेनऊ_तास_मागे, १४ जून

न्यू जर्सीहून लिहितो. व्यवसायाने सांख्यिकीतज्ज्ञ आहे आणि इंग्रजीत व मराठीत पटकथा लिहितो. इथल्या मोठ्या नेटवर्किंग संकेतस्थळांविषयी भारतातल्या लेखकांना फार आकर्षण असते, म्हणून माझा अनुभव नोंदवतो.

‘द ब्लॅक लिस्ट’ची गोष्ट या धाग्याला फार जुळते. फ्रँकलिन लेनर्ड हे २००५ साली एका निर्मितीसंस्थेत संहिता वाचण्याचेच काम करत होते. सुटीत वाचायला काही चांगले हवे म्हणून त्यांनी ओळखीतल्या अधिकाऱ्यांना विचारले, की या वर्षी वाचलेली, न बनलेली तुमची आवडती संहिता कोणती. आलेल्या उत्तरांची यादी करून ती त्यांनी सर्वांना परत पाठवली आणि ती यादी पुढे दरवर्षीची झाली. म्हणजे तिचा पायाच मुळात वाचणाऱ्या माणसांच्या ओळखीचा आहे. २०१२पासून कोणीही पैसे भरून आपली संहिता त्यांच्या संकेतस्थळावर ठेवू शकतो आणि मूल्यमापन मागू शकतो. मी ते केले. मिळालेले टिपण उपयोगी होते, पण त्यातून ओळख एकही झाली नाही, कारण टिपण देणारा वाचक निनावी असतो. ती सेवा म्हणून घ्यावी आणि तिच्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवावी.

‘स्टेज ३२’सारख्या ठिकाणी पैसे भरून अधिकाऱ्याला आठ-दहा मिनिटांत गोष्ट सांगता येते. मी दोनदा सांगितली. दोन्ही वेळा सभ्य नकार मिळाला. पण तिथल्याच चर्चेत एका पोर्तुगीज लेखिकेने माझ्या संहितेतल्या सासऱ्याचे पात्र कसे निर्जीव आहे, हे एवढे नेमके लिहिले होते की मी तिला तिची पाने मागितली. आम्ही चार वर्षे एकमेकांचे पहिले वाचक आहोत.

दुसरी ओळख तर रस्त्यावर झाली. २०२३मध्ये अमेरिकन लेखकसंघाचा १४८ दिवसांचा संप चालू होता, तेव्हा संघाचा सभासद नसूनही मी तीन शुक्रवार न्यूयॉर्कमध्ये फलक धरून चाललो. शेजारी चालणारा तरुण एका मालिकेत लेखकांचा साहाय्यक होता. दिवसभर चालून पाय दुखल्यावर माणसे खरे बोलतात. आता आम्ही ऑनलाइन भेटतो आणि लेखककक्षात पात्रांचे तक्ते कसे करतात हे मी त्याच्याकडून शिकलो. इथे बहुतेक स्टुडिओ एजंट किंवा मॅनेजरमार्फतच संहिता घेतात. मराठीत ती भिंत तुलनेने बुटकी आहे, तिचा फायदा घ्या.

निळी_शाई, १५ जून

या चर्चेत एक गोष्ट अजून कोणी लिहिलेली नाही, म्हणून लिहिते. स्त्री लेखकाने गटात ‘मी पटकथा लिहिते’ असे लिहिले की पहिल्या तासात जे खासगी संदेश येतात, त्यांतल्या निम्म्यांचा पटकथेशी संबंध नसतो. ‘ऑफिस’ म्हणून दिलेला पत्ता पाहायला गेले तर रहिवासी इमारतीतला सदनिका क्रमांक निघतो. ‘नॅरेशन रात्री नऊनंतरच शक्य आहे’ असे सांगणारा माणूस दिवसभर गटात विनोद टाकत असतो.

माझे नियम साधे आहेत. पहिली भेट व्हिडिओ कॉलवर, दुसरी दिवसा आणि कॉफीच्या दुकानात. समोरचा स्वतःला निर्माता म्हणवत असेल तर त्याचे एक तरी पूर्ण झालेले काम शोधते आणि त्या कामाच्या श्रेयनामावलीतल्या एखाद्या साहाय्यकाला गाठून विचारते, “यांनी पैसे दिले का?” हा प्रश्न विचारायला सुरुवातीला संकोच वाटत असे. नंतर लक्षात आले, की ज्यांचे पैसे बुडाले आहेत ते अतिशय मोकळेपणाने उत्तर देतात आणि त्यांतूनच माझ्या दोन चांगल्या मैत्रिणी झाल्या. पंधरा हजार मागणाऱ्या गृहस्थांबद्दल तर बोलायलाच नको. लेखकाने पैसे द्यायचे असतील तर ते प्रशिक्षणाचे, नोंदणीचे किंवा स्पर्धेच्या प्रवेशाचे, आणि तेही पावती घेऊन. भेटीचे कधीच नाही.

भरती_ओहोटी, १६ जून

मी पणजीत राहतो, त्यामुळे नोव्हेंबरात इफ्फीबरोबर (भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाबरोबर) भरणारा फिल्म बाजार माझ्या दारातच असतो. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने तो २००७ साली सुरू केला, २०२५पासून तो वेव्हज फिल्म बाजार या नावाने होतो. महामंडळाची पटकथालेखकांची लॅबही त्याच सुमाराची. तिथे मोजक्याच संहिता निवडल्या जातात, मार्गदर्शकांबरोबर त्यांचे मसुदे होतात आणि मग लेखक बाजारात निर्मात्यांसमोर त्या मांडतात. ‘तितली’ आणि ‘लिपस्टिक अंडर माय बुरखा’ या दोन्ही संहिता त्या लॅबमधून गेलेल्या आहेत.

प्रतिनिधी म्हणून पैसे भरून तिथे कोणालाही जाता येते, पण नुसते गेल्याने काही होत नाही, हे मी पहिल्या वर्षी शिकलो. चार दिवस मी कॉफी पीत लोकांच्या गळ्यातली ओळखपत्रे वाचत फिरलो. दुसऱ्या वर्षी दीड महिना आधी प्रतिनिधींच्या ऑनलाइन गटात शिरलो, आणि तिथे स्वतःच्या संहितेविषयी अवाक्षर न काढता, बाहेरून येणाऱ्यांना राहायला कुठे स्वस्त पडेल, बस कुठून सुटते, शाकाहारी जेवण कुठे मिळते, याची उत्तरे देत बसलो. त्या वर्षी मला भेटायला माणसे आपण होऊन आली. कोल्हापूरच्या एका निर्मातीशी ओळख झाली ती केवळ तिला दुचाकी भाड्याने मिळवून दिली म्हणून. तिने माझी संहिता नाकारली. पण ‘हिच्यात कोकणी बोलणारी माणसे मराठीत का बोलतात?’ असे विचारले, तेव्हा मी मूळ संहिता कोकणीत परत लिहायला घेतली, आणि आता तिच्यामार्फत एका कोकणी दिग्दर्शकाशी बोलणे चालू आहे.

कोरा_कागद (धागाकर्ता), २९ सप्टेंबर

साडेतीन महिन्यांनी परत आलो आहे, कारण काय झाले ते न सांगता गप्प बसणे योग्य वाटले नाही.

अकरांपैकी नऊ गट सोडले. साउंड रेकॉर्डिस्टला बदललेला प्रसंग पाठवला. त्याने उत्तर द्यायला तीन आठवडे घेतले, चित्रीकरणात होता. मग त्याने तो प्रसंग एका सहायक दिग्दर्शकाला दाखवला आणि ती मला स्वतःहून बोलली. तिला माझी पटकथा ‘मधल्या तासात झोपते’ असे वाटते आणि तिचे म्हणणे बरोबर आहे.

एकांकिकेच्या चमूतले चौदा जण सापडले. एक जण मिरजेतच, माझ्या घरापासून अर्ध्या तासावर राहतो, लग्नांची चित्रफीत करतो आणि त्याच्याकडे चांगला कॅमेरा आहे, हे मला सहा वर्षे ठाऊक नव्हते.

इथलेच चार जण मिळून आम्ही जुलैपासून दर रविवारी दहा पानांचा नियम चालवतो आहोत. अर्धविराम त्यांत आहेत. त्यांची टिपणे सर्वांत कठोर असतात आणि सर्वांत आधी येतात. एकाने सलग दोनदा टिपण दिले नाही, त्यामुळे एक जागा रिकामी झाली आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी स्वतःची पाने पाठवू नयेत. माझ्या अडत्याच्या संहितेचा मधला भाग मी मागणाऱ्याला पाठवतो, त्यावर दोन पानी टिपण लिहून पाठवावे. संहिता नोंदवलेली आहे, कलम चौदा यांनी काळजी करू नये.

अर्धविराम, २९ सप्टेंबर

मधल्या भागातली सत्तावन्न ते एकसष्ट ही पाने अजूनही काढलेली नाहीत. नव्या माणसाला पाठवण्याआधी ती काढा.